‘पाहाच’ असा चित्रपट: मराठी बोधपट आणि त्याच्या शिफारशीची परंपरा

एखादा चित्रपट पाहून आल्यावर तो दुसऱ्यानेही पाहावा असा आग्रह धरण्याची, आणि हा आग्रह करमणुकीच्या कारणाऐवजी त्या चित्रपटातून ‘काहीतरी घेण्यासारखे आहे’ या कारणाने धरण्याची रीत महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रुजली होती. अशा चित्रपटासाठी ‘बोधपट’ हा शब्द वापरला जात असे. बोधपट म्हणजे ज्यातील कथा पाहणाऱ्याला आपल्या वागण्याचा, नात्यांचा किंवा समाजातील एखाद्या चालीचा नव्याने विचार करायला लावते, असा चित्रपट. या शब्दाला पुढे काहीसा कोरडा, शालेय वास चिकटला हे खरे. परंतु त्याच्या भरभराटीच्या काळात तो प्रशंसेचा शब्द होता आणि ‘मुलांना घेऊन जावे असा’ किंवा ‘आईला दाखवावा असा’ हे त्याचे घरगुती पर्याय होते. ही रीत कोठून आली, कोणत्या चित्रपटांनी ती घडवली आणि शिफारस करण्याचा अधिकार कोणाकोणाकडे फिरत गेला, हे पाहू लागले की चित्रपटाच्या बरेच मागे, देवळाच्या सभामंडपात जावे लागते.

नारदीय कीर्तनाची रचना दोन भागांची असते. पहिल्या भागाला पूर्वरंग म्हणतात. त्यात कीर्तनकार बुवा एखादा अभंग किंवा श्लोक घेऊन त्यातील तत्त्वाचे विवरण करतात, ज्याला निरूपण असे नाव आहे. दुसरा भाग उत्तररंगाचा. त्यात तेच तत्त्व एखाद्या पौराणिक, संतचरित्रातील किंवा ऐतिहासिक कथेतून, गाणे, अभिनय आणि संवाद यांच्या साहाय्याने उभे केले जाते, आणि या कथेला आख्यान म्हणतात. वारकरी कीर्तनात अशी काटेकोर विभागणी नसते, तरी दृष्टान्त सांगून अर्थ पोहोचवण्याची पद्धत तेथेही आहेच. श्रोता पूर्वरंगात मान डोलावतो आणि उत्तररंगात डोळे पुसतो, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. कीर्तन संपताना आरतीचे तबक श्रोत्यांतून फिरे आणि ज्याला जे जमेल ते तो त्यात टाके. अमुक बुवांचे अमुक आख्यान चुकवू नये, ही शेजारच्या गावापर्यंत पोहोचणारी शिफारस चित्रपटाच्या शिफारशीचा थेट पूर्वज मानावी लागते, कारण तिच्यात सांगणाऱ्याने स्वतः ऐकलेले असणे, त्याचे मन हललेले असणे आणि ऐकणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास असणे या तीनही गोष्टी एकत्र येत होत्या.

हीच सवय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संगीत नाटकाकडे वळली. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले, आणि पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याच्या चालीविरुद्ध जे काम सभांमधील ठरावांना जमले नव्हते ते या नाटकाने मराठी घरांमध्ये केले. १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला तेव्हा तो हरविलास सारडा यांच्या नावावरून ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला. नाटकाच्या नायिकेशी असलेले हे नामसाम्य निव्वळ योगायोगाचे, पण मराठी कानाला ते सहज लक्षात राहण्यासारखे होते. ब्राह्मणेतर समाजात सत्यशोधक जलशांनी, म्हणजे तमाशाच्या घाटातून सामाजिक विचार मांडणाऱ्या फिरत्या प्रयोगांनी, हेच काम वेगळ्या भाषेत आणि अधिक धारदारपणे केले. चित्रपट आला तेव्हा कथेतून बोध घेण्यास तयार असलेला आणि तो दुसऱ्यास सांगण्यास उत्सुक असलेला प्रेक्षक अशा रीतीने आधीच घडलेला होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी पहिल्या कथापटासाठी हरिश्चंद्राची कथा निवडली, यामागे हा प्रेक्षक होता. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. सत्यासाठी राज्य, पत्नी आणि पुत्र गमावणाऱ्या राजाची ही कथा कीर्तनांतून आणि नाटकांतून घरोघरी पोहोचलेली होती. लहानपणी पाहिलेल्या हरिश्चंद्राच्या नाटकाने आपल्या मनावर केलेला खोल परिणाम महात्मा गांधींनीही आत्मचरित्रात नोंदवला आहे. मूकपटात बोलणे नसल्यामुळे पडद्यावर मधूनमधून लिखित वाक्ये येत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी ती कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवी, म्हणजे अंधाऱ्या चित्रपटगृहातही एक छोटा बुवा हजर असेच. फाळके यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढत, असे सांगितले जाते. हे वर्णन प्रेक्षकाच्या भोळेपणाचा नमुना म्हणून सांगण्याची प्रथा पडली आहे आणि ती अन्यायाची आहे. आख्यानाला ज्या वृत्तीने बसायचे त्याच वृत्तीने तो प्रेक्षक पडद्यासमोर बसला होता, आणि चित्रपटाला त्याहून मोठा मान कोणत्याही सुशिक्षित समीक्षकाने दिलेला नाही.

पुराणातील बोधाकडून वर्तमानातील दुःखाकडे जाण्याचे श्रेय कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांना द्यावे लागते. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ने १९२० मध्ये नाव मिळवल्यानंतर त्यांनी १९२५ मध्ये नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून शहराच्या गर्दीत हरवणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा होती आणि त्यातील तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी रंगवला होता. या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. तथापि झोपडीचे अंधारे दृश्य आणि त्यातील कुत्र्याचे भुंकणे त्या काळच्या प्रेक्षकांच्या आठवणीत राहिले, ही गोष्ट बोलकी आहे. सावकारी वाईट असते हे वाक्य कोणाच्या स्मरणात राहिले नाही; राहिली ती झोपडी. आख्यान निरूपणावर मात करते तेव्हा काय घडते, याचा मराठी पडद्यावरील हा पहिला ठसठशीत पुरावा म्हणता येईल.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. त्यांचा १९३२ चा बोलपट ‘अयोध्येचा राजा’ पुन्हा हरिश्चंद्राचाच होता. त्यात तारामतीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली आणि पुढच्या आठ वर्षांत तिने जे चित्रपट काढले त्यांच्यामुळे ‘प्रभातचा चित्रपट’ ही दोन शब्दांची शिफारस बनली. कथा कोणती आणि नट कोण हे न विचारता तुतारी वाजवणाऱ्या स्त्रीचे बोधचिन्ह पाहून कुटुंबे तिकीट काढत, हे भारतातील फार थोड्या निर्मितीसंस्थांच्या वाट्याला आले आहे. १९३५ मध्ये संत एकनाथांवर काढलेल्या चित्रपटाचे नाव मुळात ‘महात्मा’ होते. अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या संताची कथा आणि हे नाव यांचा मेळ गांधीजींशी बसतो हे सरकारी परीक्षकांच्या ध्यानात आल्यामुळे नाव बदलून ‘धर्मात्मा’ करावे लागले. जुन्या संताच्या मुखाने आजचा प्रश्न बोलतो हे परीक्षकांना कळले तसे प्रेक्षकांनाही कळत होतेच. एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली होती, पण रंगभूमीवरील हा सम्राट पडद्यावर अवघडलेला वाटतो. प्रभातला आपले खरे आख्यान सापडले ते पुढच्या वर्षी.

‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांचे, पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचे. तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली, जे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले होते. आणि जिजाईची भूमिका प्रभातमध्येच किरकोळ कामे करणाऱ्या गौरी यांना मिळाली. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद इतके तुकारामांच्या वळणाचे उतरले की अनेकांनी ते मूळ गाथेतलेच मानले. चित्रपट मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात जगातील उत्तम चित्रपटांमध्ये त्याची गणना झाली. व्हेनिसच्या गौरवाचा उल्लेख आजही आधी केला जातो, परंतु त्या गौरवाची वार्ता येण्यापूर्वीच गावोगावच्या लोकांनी हा चित्रपट एकमेकांना सांगून झाला होता.

या चित्रपटाचा बोध कोठे आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तो तुकारामांच्या अभंगांत आहे असे उत्तर सहज सुचते, आणि ते अपुरे आहे. चित्रपटाचा अर्धा तोल जिजाईकडे आहे: उपाशी मुले, रिकामी चूल, दारातली म्हैस आणि देवाच्या नादी लागलेला नवरा यांच्यामध्ये उभी असलेली ही बाई विठोबाला शिव्या घालते, नवऱ्यावर चिडते आणि त्याच्यावर जीवही लावते. शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा घरात येतो तेव्हा तिच्या आणि मुलांच्या अंगावर आनंद मावत नाही, आणि तुकाराम तो परत पाठवतात तेव्हा पाहणाऱ्याचे मन तुकारामांपुढे नमते, तरी त्याचे काळीज जिजाईपाशी राहते. वैराग्याचे निरूपण करणाऱ्या एखाद्या बुवाने तिला अडाणी संसारी बाई ठरवून बाजूला सारले असते. दामले आणि फत्तेलाल यांनी तिला तिचे संपूर्ण म्हणणे मांडू दिले, त्यामुळे वैकुंठाला जाणारे विमान आणि मागे उरलेले घर या दोहोंचे वजन प्रेक्षकाला एकाच वेळी जाणवते. या चित्रपटाची शिफारस करणारी आजी आणि तिची सून त्यातून एकच गोष्ट घेत नसत, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे कारण बहुधा यातच आहे.

शांताराम यांचा मार्ग निराळा होता. त्यांना प्रश्न थेट विचारायला आवडे. ‘कुंकू’ (१९३७) हा चित्रपट नारायण हरी आपटे यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेला होता आणि ‘शारदा’च्या विषयाला त्याने अडतीस वर्षांनी निराळे उत्तर दिले. देवलांच्या शारदेला इतरांनी वाचवावे लागते. ‘कुंकू’मधील नीरा मात्र फसवणुकीने लग्न झाल्यावर त्या लग्नाला लग्न मानण्यासच नकार देते. शांता आपटे यांनी केलेला हा नकार त्या काळच्या प्रेक्षकाला हादरवणारा होता. केशवराव दाते यांनी रंगवलेले वृद्ध वकील काकासाहेब दुष्ट नाहीत, ही या चित्रपटाची खरी शक्ती होय. आरशासमोर पांढरे केस लपवू पाहणारा आणि हळूहळू स्वतःची चूक ओळखणारा हा माणूस अखेरीस नीरेला मोकळे करण्यासाठी आपले आयुष्य संपवतो. काकासाहेबांच्या सुशिक्षित, समाजकार्य करणाऱ्या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती, आणि संततिनियमनाच्या प्रचारासाठी प्रत्यक्ष आयुष्यात काम करणाऱ्या या विदुषीचे पडद्यावर असणे हेच एक विधान होते. या चित्रपटात पार्श्वसंगीत टाळून घड्याळाचे ठोके, पावलांचा आवाज असे प्रसंगातीलच नाद वापरले गेले. शेवट आज काहींना जुळवून आणल्यासारखा वाटेल, परंतु घड्याळाच्या टोल्यांमध्ये कोंडलेले ते घर अजूनही जुने झालेले नाही.

त्यानंतरच्या ‘माणूस’ (१९३९) मध्ये वेश्यावस्तीतील मैना आणि तिच्यावर प्रेम करणारा पोलीस शिपाई गणपत यांची कथा आली. प्रेमभंगाने स्वतःला संपवणाऱ्या देवदासाचे तेव्हा देशभर कौतुक चालले होते. त्या कौतुकाला शांताराम यांनी दिलेले हे उत्तर होते, कारण येथे प्रेम हरते आणि तरीही कर्तव्य करत जगायचे असते. शांता हुबळीकर आणि शाहू मोडक यांच्या या चित्रपटाने ‘संदेश’ हा शब्द उच्चारला नाही आणि तो पोहोचवला. १९४१ चा ‘शेजारी’ हा विश्राम बेडेकर यांच्या कथेवरचा चित्रपट हिंदू आणि मुसलमान अशा दोन शेजाऱ्यांच्या मैत्रीत पाचर मारणाऱ्या शक्तींविषयी होता. त्याच्या ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत मुसलमान शेजाऱ्याची भूमिका गजानन जागीरदार यांनी आणि हिंदू शेजाऱ्याची मजहर खान यांनी केली, ही योजना जाणीवपूर्वक होती. फुटणाऱ्या धरणाच्या लोंढ्यात एकमेकांचे हात धरलेले ते दोन म्हातारे सहा वर्षांनी झालेल्या फाळणीनंतर ज्यांनी आठवले असतील, त्यांना ते किती जड गेले असतील याची कल्पना करता येते.

या काळात शिफारशीची साधने साधी होती. चित्रपटगृहाबाहेर एक-दोन आण्यांना गाण्यांची पुस्तिका मिळे. तिच्या पहिल्या पानांवर कथेचा सारांश असे आणि शेवट मात्र ‘पडद्यावर पाहा’ अशा वळणाने राखून ठेवलेला असे. ही पुस्तिका घरी येई, शेजारी जाई, आणि ज्यांनी चित्रपट पाहिला नव्हता त्यांच्याही तोंडी गाणी बसत. गावोगावच्या जत्रांमध्ये तंबू सिनेमा, म्हणजे कापडी तंबूत यंत्र लावून चित्रपट दाखवणारे फिरते चित्रपटगृह, उतरे आणि दिवसा टांग्यातून किंवा बैलगाडीतून कर्ण्यावर त्याची दवंडी फिरे. दवंडीवर गर्दी जमे ती पहिल्या रात्रीची. दुसऱ्या रात्रीची गर्दी पहिल्या रात्री पाहून गेलेल्यांच्या शब्दावर अवलंबून असे. तंबूवाल्यांचे सगळे गणित या दुसऱ्या रात्रीवर असे.

स्वातंत्र्यानंतर शिफारस करणाऱ्यांत शासन नावाच्या नव्या, मोठ्या व्यक्तीची भर पडली. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्यापासून चित्रपटाच्या तिकिटावर करमणूक कर घेतला जात होता. पुढे लोकहिताचा वाटणारा चित्रपट या करातून सोडवण्याची पद्धत पडली आणि जाहिरातीवरील ‘करमुक्त’ हा शब्द दुहेरी अर्थाने काम करू लागला: तिकीट स्वस्त झाले, आणि चित्रपट चांगल्या वळणाचा असल्याची ग्वाही मिळाली. केंद्र सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल दिला, आणि चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था, अर्थसाहाय्य करणारे महामंडळ अशा तिच्या सूचनांचा पुढील काळावर दूरगामी परिणाम झाला. उत्तम चित्रपटांना राष्ट्रपतींच्या नावाने पदके देण्यास १९५४ मध्ये आरंभ झाला, आणि पहिले सुवर्णपदक प्रल्हाद केशव अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला मिळाले.

या चित्रपटामागचे पुस्तक तुरुंगात जन्मले होते. साने गुरुजींनी नाशिकच्या कारागृहात १९३३ मध्ये आईच्या आठवणी लिहून काढल्या, आणि त्यांची रचनाच आख्यानांची होती: एकेका रात्री आश्रमातील मुलांना सांगितलेली एकेक आठवण. गुरुजी १९५० मध्ये गेले. अत्र्यांनी १९५३ मध्ये चित्रपट आणला तेव्हा पुस्तक महाराष्ट्रातील शिकलेल्या घरांमध्ये देव्हाऱ्याच्या जवळपास पोहोचले होते. वनमाला यांनी आई आणि माधव वझे यांनी लहानगा श्याम उभा केला. संगीत वसंत देसाई यांचे. विनोदासाठी आणि प्रहारासाठी प्रसिद्ध असलेल्या अत्र्यांनी येथे आपला स्वभावच बाजूला ठेवला, आणि दारिद्र्याने हळूहळू खचत जाणाऱ्या कोकणातील एका घराकडे अत्यंत मायेने पाहिले. पायांच्या तळव्यांना घाण लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या मुलाला आई मनालाही असेच जपायला सांगते, हा प्रसंग बोधवचनासारखा आहे; तो टिकतो, कारण सांगण्याच्या आधी आईने मुलाचा हट्ट पुरवण्यासाठी आपला पदर खाली पसरलेला असतो. मोळीचे ओझे उचलून देण्यास कोणी नसलेल्या अस्पृश्य म्हातारीला हात दे, असे ती श्यामला सांगते तेव्हाही तिला सुधारणेचा सिद्धान्त मांडायचा नसतो; म्हातारी उन्हात उभी आहे, एवढेच तिला दिसते.

‘श्यामची आई’ शाळांनी दाखवला. रांगेने चालत चित्रपटगृहात जाणारी मुले आणि पुढेमागे शिक्षक, हे दृश्य महाराष्ट्रातील अनेक गावांनी पाहिले, आणि ज्या घरांत सिनेमा हे नाव काढायलाही बंदी होती तेथील मुलांनी आयुष्यातला पहिला चित्रपट म्हणून हाच पाहिला. लगोलग १९५४ मध्ये अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ काढला, ज्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्याच्या आरंभी साक्षात गाडगेबाबांचे कीर्तन आहे. हातात खराटा घेऊन गावे झाडणारा आणि श्रोत्यांना प्रश्न विचारत विचारत कीर्तन करणारा हा संत पडद्यावर बोलतो आणि त्यानंतर जोतीरावांची कथा सुरू होते, म्हणजे पूर्वरंग आणि उत्तररंग यांची जुनी जोडी एका सामाजिक चित्रपटात उघडपणे परतते. अत्र्यांच्या कल्पकतेचा हा सर्वोच्च क्षण मानला पाहिजे, जरी या चित्रपटाची आठवण ‘श्यामची आई’च्या मानाने फारच कमी काढली जाते.

शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’चे मूळही महाराष्ट्रात होते. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर नावाची वसाहत वसवण्यात आली, जेथे गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना कोंडवाड्याशिवाय, कुटुंबासह शेती करत राहू देण्याचा प्रयोग झाला. गजानन दिगंबर माडगूळकर याच परिसरातले, त्यामुळे या प्रयोगावर आधारलेली कथा त्यांच्या लेखणीतून उतरली हे स्वाभाविक होते. सहा खुनी आणि एक तुरुंगाधिकारी यांच्या या चित्रपटातील प्रार्थना पुढे देशभरातील शाळांमध्ये म्हटली जाऊ लागली, इतकी की ती कोणत्या चित्रपटातली हे म्हणणाऱ्या मुलांपैकी अनेकांना ठाऊक नसे. शिफारशीची गरजच उरू नये असे हे पसरणे होते.

मात्र याच दशकांत बोधपट या शब्दाची झीजही सुरू झाली. शासनाच्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट, म्हणजे माहिती आणि शिकवण देणारे छोटे चित्रपट, प्रत्येक खेळाआधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते, आणि त्यांतील काही अतिशय सुंदर असूनही बहुसंख्य प्रेक्षक ते संपण्याच्या बेताने आत शिरत. कथापटांतही कथा केवळ निमित्त आणि अखेरचे भाषण हाच हेतू अशी रचना वाढली. दारू वाईट, हुंडा वाईट, भाऊबंदकी वाईट हे सांगण्यासाठी पात्रांना मते दिली गेली आणि जीव देण्याचे राहून गेले. पूर्वरंगाने उत्तररंग गिळला तर मंडपातले लोक उठून जातात, हे कोणत्याही बुवांना ठाऊक असलेले सत्य पटकथाकार विसरले. ‘करमुक्त’ या शब्दाचेही तेच झाले. प्रेक्षक त्यातला स्वस्तपणा ऐकू लागला आणि ग्वाही ऐकेनासा झाला.

शिफारशीला नवे प्राण मिळाले ते फिल्म सोसायटीच्या चळवळीतून. फिल्म सोसायटी म्हणजे वर्गणी देणाऱ्या सभासदांनी चालवलेले, नफ्यासाठी नसलेले मंडळ, जे एरवी चित्रपटगृहात न येणारे देशोदेशीचे चित्रपट केवळ सभासदांसाठी दाखवते आणि त्यांवर चर्चा घडवते. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने ‘बायसिकल थीव्ज’ आणि ‘राशोमोन’ येथील प्रेक्षकांपुढे आणले होते. चोरीला गेलेली सायकल शोधत हिंडणाऱ्या बापाची आणि मुलाची ती कथा पाहणाऱ्यांना कळले की बोध न सांगताही काळजात उतरवता येतो. १९५९ मध्ये देशातील सोसायट्यांचा महासंघ सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाला, आणि १९६८ मध्ये मुंबईत मराठी मंडळींनी स्वतःची सोसायटी काढली तेव्हा तिला ‘प्रभात चित्र मंडळ’ हे नाव दिले. पुण्यात प्रभातच्याच जागेत १९६० मध्ये शासकीय फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ मध्ये पी. के. नायर यांच्या परिश्रमाने राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, आणि प्राध्यापक सतीश बहादूर यांनी ‘पथेर पांचाली’ दृश्यागणिक उलगडून दाखवत चित्रपट रसास्वादाचे, म्हणजे चित्रपटाची भाषा ओळखून त्याचा आनंद घेण्याचे, शिक्षण देशभर नेले.

या चळवळीने शिफारशीचे व्याकरण बदलले. ‘यात काय सांगितले आहे’ याच्या जोडीला ‘ते कसे सांगितले आहे’ हे बोलले जाऊ लागले, आणि सोसायटीच्या नियतकालिकांतील लेखांमुळे तालुक्याच्या गावातील वाचकालाही न पाहिलेल्या जपानी किंवा इटालियन चित्रपटाची ओढ लागली. तिची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सोसायटीच्या चर्चेत तंत्राचे बोलणे वाढले तसे डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाकडे थोडे वरून पाहण्याची सवय काही जाणकारांना लागली, आणि ‘श्यामची आई’ भाबडा ठरवण्याची एक फॅशन काही काळ होऊन गेली. जिजाईला बाजूला सारणाऱ्या बुवांचीच ही चूक होती, फक्त शास्त्र वेगळे होते. या दोन प्रेक्षकांना एकत्र आणणारे चित्रपट अधूनमधून येत राहिले. जब्बार पटेल यांचे ‘सामना’ आणि ‘उंबरठा’ त्यांतले ठळक होत.

‘श्यामची आई’नंतर सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार पुन्हा मराठीकडे येण्यास पन्नास वर्षे लागली. तो संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने मिळवला, जो २००४ मध्ये प्रदर्शित झाला. डोळ्याच्या कर्करोगामुळे ज्याची दृष्टी जाणार आहे अशा नातवाला शस्त्रक्रियेपूर्वी जग डोळे भरून दाखवू पाहणारे कोकणातले आजोबा (अरुण नलावडे) आणि तो नातू (अश्विन चितळे), एवढीच त्याची कथा; मूळ कथा माधवी घारपुरे यांची. त्यात कोणी कोणाला उपदेश करत नाही. शस्त्रक्रियेनंतर काळा चष्मा लावलेला मुलगा आजोबांसोबत होडीतून गावाकडे परततो आणि किनाऱ्यावर ओळखीची माणसे दिसू लागतात. मोठे नट आणि मोठी जाहिरात नसलेला हा चित्रपट पाहून आलेल्यांच्या शब्दावर चालला, तंबू सिनेमाच्या दुसऱ्या रात्रीसारखा. भारताकडून ऑस्करसाठी त्याची निवड झाली तेव्हा परदेशात तो लोकांना दाखवण्याचा खर्च निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचा होता, आणि महाराष्ट्रात वर्गणी सुरू झाली. चित्रपट ज्यांनी पाहिला होता त्यांनी, तो कधीही न भेटणाऱ्या परक्या माणसांनी पाहावा म्हणून, आरतीच्या तबकात टाकावेत तसे आपापले पैसे टाकले.